फकीरव्वाचा व्हरांडा

माझ्या घराला लागून डाव्या हाताला जे घर आहे ते फकीरव्वा कमडोळीचं. जागा तिची, घर तिचं, एकेक वीट तिनं थापलेल्या भाकऱ्यांतून आलेली. आणि तरी दोन वर्षं त्या घरात पाऊल टाकायची तिला सोय नव्हती. आत जो बसला होता तो भाडंही देत नव्हता आणि उठतही नव्हता. आठवलं की आजही माझं डोकं तापतं, मशीनवरचा ब्लाऊज वाकडा शिवला जातो.

फकीरव्वाचा नवरा निंगप्पा हुबळीच्या बाजारसमितीत हमाल होता. पोती वाहून वाहून मणका गेला, अंथरुणाला खिळला आणि तसाच संपला. पदरात एक मुलगी. फकीरव्वानं दुर्गद बैल बाजाराच्या मागच्या गल्लीत एक खोली भाड्यानं घेतली, दारात चूल मांडली आणि आसपासच्या खानावळींना ज्वारीच्या भाकऱ्या पुरवायला लागली. मऊ भाकरी दुपारच्या जेवणाला, कडक भाकरी चळत करून गावोगावी जायला. हात असा चालायचा की रस्त्यानं जाणारा माणूस थबकून बघत राही. आणि तोंडही तसंच चालायचं. खानावळवाल्यानं हिशेबात खोट काढली तर त्याच्या सात पिढ्या चुलीपाशी जमा व्हायच्या.

त्या भाकऱ्यांवर मुलीचं लग्न झालं, ती राणेबेन्नूरला गेली. त्या भाकऱ्यांवरच नवनगरला आमच्या कॉलनीत जागा घेतली, तेव्हा इथे नुसतं माळरान होतं. आधी पाया, मग एक खोली, मग दुसरी, मग पुढचा मोठा हॉल, आणि सगळ्यात शेवटी व्हरांडा. पण राहायला ती आली नाही. खानावळीला गरम भाकरी लागते, ती बाजारातच थापायला हवी. इथून रोज जाणं-येणं जमणारं नव्हतं.

"हे घर म्हातारपणासाठी गं," ती मला म्हणायची. "हात चालतायत तोवर तिकडं. तोवर ह्याचं भाडं यील, त्यातनं त्या खोलीचं भाडं भागंल. झालं की."

हिशेब सरळ होता. सरळ माणसाचा हिशेब सरळच असतो.

मग मुळगुंद सर आले.

राजशेखर मुळगुंद. इस्त्रीचा पांढरा शर्ट, कपाळाला विभूतीचे तीन पट्टे, बोलणं तुपासारखं. शिपायापासून फौजदारापर्यंत आणि तलाठ्यापासून वरपर्यंत ज्या काही सरकारी परीक्षा असतात, त्यांचा क्लास त्याला काढायचा होता. बोलणी माझ्याच घरात झाली, चहा मीच केला. त्यानं आल्या आल्या फकीरव्वाच्या पायाला हात लावला. ती अवघडली. तिच्या पायाला आयुष्यात कोणी हात लावला नव्हता, लेकजावई सोडून.

"अव्वा, मला तुमचा मुलगाच समजा," तो म्हणाला.

"मुलगा राहू दे. भाडं वेळेवर दे म्हंजे झालं," फकीरव्वा म्हणाली. "आणि एक. घर तुझं, व्हरांडा माझा. माझी लाकडं, जुनी चूल, काटवट तिथंच राहणार. मी जत्रंखेत्रंला आले तर तिथं टेकणार."

"अव्वा, व्हरांडाच काय, सगळं घर तुमचंच आहे," तो हसून म्हणाला.

पहिली काही वर्षं भाडं आलं. मग निम्मं आलं. मग मुलांच्या फिया अडकल्यात म्हणून आलं नाही. मग त्याच्या बायकोचं ऑपरेशन निघालं. फकीरव्वा हळहळली, तिच्यासाठी तिनं शेंगदाण्याची चटणी आणि कडक भाकऱ्या बांधून आणल्या. पुढच्याच आठवड्यात ती बायको नव्या कोऱ्या स्कूटरवरून उतरताना मी माझ्या खिडकीतून बघितली. ऑपरेशन झालेली बाई पाय झोकून स्कूटरवरून उतरत नाही. नंतर हॉलला एसी बसला. ते यंत्र भिंतीला भोक पाडून बसवत होते, फकीरव्वाच्या भिंतीला, आणि फकीरव्वाला त्या महिन्याचं भाडं नव्हतं मिळालेलं.

मी फोन करून तिला सांगितलं. ती दुसऱ्या दिवशी दुपारची बस धरून आली. क्लास चालू होता. हॉलमध्ये मुलंमुली दाटीवाटीनं बसलेली, मुळगुंद सर नागरिकांचे हक्क शिकवत होते. खरं सांगते, तेच शिकवत होते. फकीरव्वा दारात उभी राहिली. त्यानं बघितलं आणि पुन्हा फळ्याकडे वळला. तास संपेपर्यंत ती उभी होती. मग तो बाहेर आला आणि दार ओढून घेतलं, मुलांना ऐकू जाऊ नये म्हणून.

"अव्वा, असं क्लासच्या वेळेला येऊ नका. मुलांवर परिणाम होतो."

"कसला परिणाम? मी काय त्यांच्यावर थुंकले? भाडं दे, जाते."

"पुढच्या महिन्यात सगळं एकदम."

"तू गेल्या महिन्यातबी हेच म्हणाला होतास. नाही जमत तर घर सोड बाबा. मला दुसरा भाडेकरू बघू दे."

तेव्हा त्याचं तूप पहिल्यांदा आटलं. आवाज मात्र वर गेला नाही. हळूच, समजावल्यासारखं तो म्हणाला, "सोडा म्हणून सोडत नसतात अव्वा. कायदा आहे. तुम्ही कोर्टात जा ना. दहा वर्षं चालतं असलं प्रकरण. तोवर..." आणि त्यानं तिला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं. "तोवर कोण असतं, कोण नसतं."

मी कुंपणाच्या अलीकडे होते. मला ते स्पष्ट ऐकू आलं. फकीरव्वा शिव्या देईल म्हणून मी वाट बघत राहिले. तिनं एकही दिली नाही. ती तडक फाटकाबाहेर पडली.

आम्ही दोघी पोलीस ठाण्यात गेलो. माझा नवरा म्हणाला, "कस्तुरी, तू कशाला दुसऱ्याच्या भांडणात पडतेस?" मी म्हटलं, चहा माझ्या घरात प्यालेत ते, त्यामुळे भांडण माझंही आहे. ठाण्यात टेबलाशी बसलेल्या पोलिसानं सगळं ऐकलं आणि नाव ऐकताच त्याचा चेहरा उजळला.

"कोण, आमचे मुळगुंद सर? अहो बाई, त्यांच्याकडे शिकलो म्हणून तर मी ह्या खुर्चीत बसलोय."

"मग त्या खुर्चीचंबी भाडं मलाच पाहिजे," फकीरव्वा म्हणाली. "माझ्याच हॉलात शिकलास की."

शेजारचा पोलीस हसला. हा हसला नाही. म्हणाला, "हा दिवाणी मामला आहे. आमच्याकडे येत नाही. वकील बघा." वकील बघितला. त्यानं फी घेतली, नोटीस पाठवली, नोटिशीला मुळगुंदच्या वकिलाचं उत्तर आलं, त्यात लिहिलं होतं की भाडं रोखीनं वेळच्या वेळी दिलं आहे आणि ही बाई लोभापोटी खोटं बोलते आहे. वकिलानं ते वाचून दाखवलं. फकीरव्वानं विचारलं, "हे असं लिहिता येतं? कायबी?"

"उत्तर आहे ते. लिहिता येतं."

"मग मीबी लिहिते की हुबळीचा किल्ला माझा हाय."

पण खरा घाव दुसरीकडून बसला. बाजारातली जी खोली होती, ती गुरुसिद्धप्पा अंगडीची. खाली त्याचं भांड्यांचं दुकान, मागे ही खोली. इकडचं भाडं येईना, तसं तिकडचं भाडं द्यायला पैसा उरेना. भाकऱ्यांच्या पैशात पीठ आणि लाकडं येत होती, वर वकिलाचं तोंड भरायचं होतं. गुरुसिद्धप्पानं काही दिवस थांबून बघितलं, हे खरं आहे, मी खोटं सांगणार नाही. पण त्याला ती खोली गोदामाला हवीच होती. इतक्या वर्षांत तिनं एकदाही भाडं चुकवलं नव्हतं, त्यामुळे निमित्त सापडत नव्हतं. आता सापडलं.

"स्वतःचं घर बांधून बसलीयस नवनगरात आणि माझं भाडं थकवतेस?" तो म्हणाला.

"घर हाय, पण त्यात दुसराच बसलाय अण्णा. तो देईना, मी कुठनं देऊ?"

"ते तुझं तू बघ. त्यानं तुला फसवलं म्हणून तू मला फसवणार का?"

हे सांगताना फकीरव्वा मला म्हणाली, "कस्तुरी, ह्याला काय उत्तर द्यायचं गं? तो म्हणत होता ते बरोबरच होतं. म्हणून तर जास्त आग झाली."

ती खानावळीत भाकऱ्या पोचवायला गेली असताना गुरुसिद्धप्पाच्या दुकानातल्या माणसांनी तिचं सामान बाहेर काढलं. काढलं म्हणजे गल्लीत ठेवलं. ट्रंक, अंथरूण, देवाचे फोटो, निंगप्पाचा फोटो. ज्वारीच्या पिठाचा डबा उचलताना झाकण निघालं आणि सगळं पीठ गटारात गेलं. ती परत आली तेव्हा गटारावर पांढरी साय धरली होती आणि दाराला नवं कुलूप होतं. गल्लीतले लोक आपापल्या दुकानात मान खाली घालून बसले होते. ज्या खानावळवाल्यांना तिनं इतकी वर्षं भाकरी दिली, त्यातला एकही पुढे आला नाही. एकानं एवढंच विचारलं, "अव्वा, उद्याच्या भाकऱ्यांचं काय?"

त्याला तिनं जे उत्तर दिलं ते मी इथे सांगत नाही.

दुपारी आमच्या गल्लीत टेंपो येऊन थांबला. पुढे ड्रायव्हरशेजारी फकीरव्वा, मागे ट्रंक, तवे, परात. उतरली ती थेट स्वतःच्या फाटकातून आत शिरली. लाकडांवरची ताडपत्री काढली, जुनी चूल व्हरांड्याच्या मध्ये ओढली, भिंतीला निंगप्पाचा फोटो टांगला आणि ट्रंकेवर बसली. हॉलच्या दारापासून चार हातांवर.

मुळगुंद बाहेर आला. "हे काय चाललंय?"

"राहायला आले."

"असं येता येत नाही. हा बेकायदा शिरकाव आहे. व्हरांडा पण भाड्यात येतो."

"कुठल्या भाड्यात?" फकीरव्वा म्हणाली. "जे दिलंच नाहीस त्यात?"

वर्गातली दोन-तीन मुलं दारात येऊन उभी राहिली होती. त्यांतली एक मुलगी फिसकन हसली आणि लगेच तोंडावर हात घेतला. मुळगुंदनं मागे वळून तिला बघितलं आणि दार लावून घेतलं.

त्या दिवसापासून व्हरांड्यात भाकऱ्या सुरू झाल्या. उजाडायच्या आधी चूल पेटे. लाकडाचा धूर खिडकीतून सरळ हॉलमध्ये, त्या एसीच्या तोंडात. आणि थापण्याचा आवाज. थप थप थप थप. मला माहीत आहे, भाकरी हळूही थापता येते. फकीरव्वानं ती हळू थापली नाही. आत सर घटनेचं कलम सांगायचे, बाहेर परातीवर हात पडायचा. आत सर आवाज चढवायचे, बाहेर हात चढायचा.

"अव्वा, मुलांची परीक्षा जवळ आली आहे," तो एकदा दार उघडून म्हणाला. "निदान त्यांचा विचार करा."

"त्यांचाच करतीय. भुकेली दिसतात."

त्यानं मग वेगळं हत्यार काढलं. संडास-बाथरूमचं दार आतल्या बाजूनं होतं, ते तो तिला वापरू देत नव्हताच. आता त्यानं बाहेरच्या नळाचं चाकही काढून ठेवलं. व्हरांड्यातला दिवा आतल्या बटणावर होता, तो बंद केला. स्वतःच्या घराच्या दारात बसलेली ही बाई हातात तांब्या घेऊन कुंपणाला वळसा घालून माझ्या घरी आंघोळीला यायची. चालताना मान ताठ ठेवायची. पण बाथरूममध्ये पाणी सोडलं की आतून आवाज यायचा. रडण्याचा नव्हे. एकटीच शिव्या द्यायची, पाण्याच्या आवाजाखाली, बराच वेळ.

मग जीप आली. मुळगुंदनं तक्रार केली होती की घरमालकीण मानसिक छळ करते, धूर करून मुलांच्या जिवाला धोका निर्माण करते. आम्ही गेलो तेव्हा ठाण्यातून माणूस हलला नव्हता. त्याचा फोन गेला आणि माझा चहा उकळायच्या आत जीप दारात. तोच टेबलावरचा पोलीस खाली उतरला.

"चला अव्वा, चूल उचला."

मी शिलाई तशीच टाकून बाहेर आले. "साहेब, तेव्हा तुम्ही म्हणालात हा दिवाणी मामला आहे. आज कसा तुमचा झाला?"

"तुम्ही मध्ये बोलू नका बाई."

"का बोलू नको? व्हरांडा तिचा आहे असं ह्यानं माझ्या घरात बसून मान्य केलंय. माझा चहा पिऊन. बोलवा त्याला, माझ्या तोंडावर नाही म्हणू दे."

मुळगुंद दारातच होता. तो माझ्याकडे बघेना. माझा नवरा, जो भांडणात पडू नको म्हणत होता, तोही बनियनवर बाहेर आला आणि माझ्यामागे उभा राहिला. मग समोरच्या घरातली बाई आली. तिचा सासरा काठी टेकत आला. सगळे फाटकापाशी उभे राहिले. पोलिसानं आजूबाजूला बघितलं, टोपी काढली, कपाळ पुसलं.

"अव्वा, धूर जरा कमी करा," एवढं म्हणून तो जीपमध्ये बसला.

"लाकडं वाळलेली आणून दे, कमी करते," फकीरव्वा त्याच्या मागून ओरडली.

मुळगुंदला वाटलं असेल, म्हातारी थकेल. थंडीत व्हरांड्यात झोपून किती दिवस काढेल? आणि ती थकत होतीही. गुडघे धरले होते, खोकला लागला होता. मुलगी राणेबेन्नूरहून येऊन रडली, "अव्वा, सोड ते घर, आमच्याकडे चल." फकीरव्वा तिच्यावरच भडकली. "सोडायला ते काय माहेर हाय माझं? मी बांधलंय!"

पण त्यानं एक गोष्ट हिशेबात धरली नव्हती. मुलं. गदग, कुंदगोळ, नवलगुंदकडची खेड्यातली मुलं ती, खोल्या करून राहणारी, सकाळी उपाशी क्लासला येणारी. दारातच तव्यावर भाकरी फुगते आहे, बाजूला वांग्याचं भरीत आणि चटणी आहे, म्हटल्यावर ती कुठे जातील? आधी एक-दोघं, मग रांग. तास सुटायच्या आधीच मुलांची चुळबूळ सुरू व्हायची. पायरीवर बसून खायची आणि खाताना विचारायची, "अव्वा, तुम्ही इथं बाहेर का राहता?"

फकीरव्वा काही लपवणारी बाई नव्हती. ती प्रत्येकाला सांगायची. पहिल्यापासून, शिव्यांसकट.

हसून तोंडावर हात घेतलेली ती मुलगी, सावित्री तिचं नाव, एकदा भाकरी हातात घेऊन तशीच बसून राहिली. म्हणाली, "आमच्याकडून तर सरांनी पूर्ण वर्षाची फी आधीच घेतलीय अव्वा. म्हणाले, घराचं भाडं फार आहे."

फकीरव्वाच्या हातातली भाकरी तव्यावर करपली. तिची भाकरी करपलेली मी कधी बघितली नव्हती.

"माझ्या नावानं घेतलं," ती म्हणाली. "माझ्या नावानं!"

त्यानंतर मुलांमध्ये कुजबुज सुरू झाली. एकाला कळलं की पुस्तकं छापणाऱ्याचेही पैसे थकलेत. दुसऱ्याला कळलं की शिकवायला येणाऱ्या दोन मास्तरांना कित्येक महिने पगार नाही, म्हणूनच ते येईनासे झाले. सावित्री आणि आणखी काही मुलं मिळून सरांपुढे उभी राहिली आणि उरलेल्या वर्षाची फी परत मागितली. दार उघडं होतं, आम्हाला सगळं ऐकू आलं. तो पुन्हा त्याच तुपाळ आवाजात म्हणाला, "पुढच्या महिन्यात, सगळ्यांना एकदम."

फकीरव्वा बाहेरून ओरडली, "ऐका गं पोरींनो, ऐका! हेच, अगदी हेच!"

शिवरात्रीला सिद्धारूढ मठाची जत्रा. सगळी हुबळी तिकडे जाते. फकीरव्वा दरवर्षी जाते, निंगप्पाचा नवस होता तो. आम्हीही तिच्याबरोबर गेलो. रथ ओढून झाला, गर्दीतून वाट काढत आम्ही संध्याकाळी परत आलो, तर घराचं दार सताड उघडं.

गेला होता. दिवसाढवळ्या, ट्रक लावून. बाकं, फळा, एसी, सगळं घेऊन. ते त्याचं होतं, न्यावं. पण पंखे फकीरव्वाचे होते, ते नेले. दिव्याच्या पट्ट्या नेल्या. पाण्याची मोटर नेली. संडासाचं भांडं नेता आलं नाही म्हणून फोडलं. स्वयंपाकघरातल्या ओट्याची फरशी दोन ठिकाणी घण मारल्यासारखी फुटली होती. एसीसाठी भिंतीला पाडलेलं भोक तसंच, त्यातून आभाळ दिसत होतं.

फकीरव्वा आत शिरली. दोन वर्षांनी. एका खोलीतून दुसरीत गेली, दुसरीतून स्वयंपाकघरात. मला वाटलं आता ती बसेल, रडेल. ती बाहेर आली आणि व्हरांड्यातल्या ट्रंकेला तिनं लाथ मारली. मग माझ्यावरच ओरडली, "बघत काय उभी राहिलीस? झाडू आण!"

आम्ही रात्र पडेपर्यंत झाडलं. दुसऱ्या दिवशी लाइनमन येऊन वीज तोडून गेला. मीटर तिच्या नावावर, बिल त्यानं भरलंच नव्हतं.

लोक म्हणतात, चला, घर तर सुटलं. मलाही तेव्हा तसंच वाटलं होतं. पण सुटलं म्हणजे काय? भाड्याचा एक पैसा मिळाला नाही. जाण्याआधी त्यानं, तिनं व्हरांड्यात येऊ नये म्हणून, तिच्यावर मनाई हुकमाचा दावा लावून ठेवला होता. माणूस पळून गेला तरी दावा मागे राहिला. फकीरव्वा तारखेला कोर्टात जायची, बाकावर दिवसभर बसायची, आणि त्याचा वकील काहीतरी सांगून पुढची तारीख घ्यायचा. बऱ्याच तारखांनी न्यायाधीशांनी तो दावा काढून टाकला. तिनं भाड्यासाठी केलेला दावा अजून चालू आहे.

गुरुसिद्धप्पाचं भाडं मात्र तिनं फेडलं. व्हरांड्यातली चूल जोरात चालली, आमच्या कॉलनीतलीच मागणी पुरी होईना. पैसे जमले तशी मला घेऊन बाजारात गेली. भर दुकानात, गिऱ्हाईकं असताना, पदराची गाठ सोडून तिनं सगळे पैसे त्याच्या गल्ल्यावर टाकले.

"मोजून घे अण्णा. तू म्हणाला होतास ना, मी तुला फसवीन."

तो ओशाळला. "राहू दे की फकीरव्वा, एवढं काय मनाला लावून घ्यायचं. बस, चहा सांगतो."

"चहा नको. माझं पीठ दे."

"पीठ?"

"गटारात घातलंस ते. डबाभर होतं. भाडं तुझं होतं, ते मी दिलं. पीठ माझं होतं, ते तू दे."

गिऱ्हाईकं बघत राहिली. गुरुसिद्धप्पानं समोरच्या पिठाच्या गिरणीत माणूस धाडला. पीठ आलं. तिनं ते डोक्यावर घेतलं आणि बसस्टॉपपर्यंत मला हात लावू दिला नाही.

गेल्या उन्हाळ्यात आम्ही दोघी धारवाडला एका लग्नाला निघालो होतो. बस सिग्नलला थांबली आणि फकीरव्वानं माझं मनगट इतकं घट्ट धरलं की बांगडी पिचली. समोर एका घराच्या वरच्या मजल्यावर भला मोठा फलक. मुळगुंद सरांचा फोटो, हात जोडलेला, विभूतीसकट. तिला वाचता येत नाही, पण फोटो ओळखू आला. ती उतरलीच. मी मागून.

खाली घरमालक बसले होते, निवृत्त पोस्टमास्तर, आरामखुर्चीत पेपर वाचत. फकीरव्वानं त्यांना उभ्या उभ्या सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, मग चष्मा पुसला.

"बाई, तुमचं काहीतरी वैयक्तिक भांडण दिसतंय. माझा अनुभव चांगला आहे. त्यांनी मला वर्षाचं भाडं आगाऊ दिलंय."

"दिलं असंल," फकीरव्वा म्हणाली. "माझंच हाय ते."

वर क्लास चालू होता, त्याचा आवाज जिन्यावरून येत होता. ती जिन्याकडे निघाली. मी तिचा हात धरला, लग्नाला उशीर होईल म्हटलं, इथे पोलीस बोलावतील म्हटलं. तिनं माझा हात झटकला आणि गुडघ्यावर हात ठेवत, एकेक पायरी चढत वर गेली. पोस्टमास्तर खुर्चीतून उठले, "अहो बाई, अहो बाई" करत.

मी पिशवी खाली ठेवली आणि तिच्या मागोमाग चढले. लग्न काय, होणार होतंच.